मिस व्हर्डीची सही

"हे काय आहे?" मी कार्ड वर धरून विचारलं.

"जुव्हेंबर," कायला म्हणाली.

कार्डावर गलोल होती. उत्तरपत्रिकेत 'स्लिंगशॉट' छापलं होतं. मी पेन्सिल टेकवून थांबले, तसं त्या सात वर्षांच्या पोरीला वाटलं, बाईंना समजलेलं दिसत नाही. मग तिने मला समजावून सांगितलं. डॉगवुडच्या झाडाची दुबेळकी फांदी घ्यायची, ओलीच कापायची, साल काढून आठ दिवस सावलीत वाळवायची, रबर सायकलच्या ट्यूबचं घ्यायचं, नवं घ्यायचं नाही. आजीच्या अंजिरांवर पाखरं बसतात त्यांना हुसकायला ती लागते, मारायला नाही. एवढं सगळं एका दमात सांगून ती खुर्चीत मागे टेकली.

मी त्या प्रश्नापुढे शून्य लिहिलं.

पुढच्या कार्डावर कॉफीचा कप होता. "एलिक," ती म्हणाली. तिथेही शून्य. पन्नास कार्डं संपेपर्यंत पोरीच्या लक्षात आलं होतं की, आपलं काहीतरी चुकतंय. शेवटची दहा कार्डं तिने नुसती बघितली आणि तोंड मिटून घेतलं. त्यांचे गुण तर मुळीच मिळाले नाहीत.

हे एकोणीसशे नव्याण्णवच्या ऑक्टोबरातलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या दक्षिण टोकाला, तंबाखूची शेतं आणि काळ्या पाण्याची नदी असलेल्या भागात मी एका सरकारी शाळेत वाचा-उपचार करायला होते. म्हणजे बोबडी, तोतरी, उशिरा बोलणारी मुलं तपासायची आणि त्यांना बोलतं करायचं. माझं नाव हेमलता भदाणे. तिथे 'भदाणे' कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून मी 'मिस बी' झाले होते. त्याचं मला काही वाटत नव्हतं. नाव टाकायची सवय मला पुण्यातच लागली होती.

शाळेतली निम्म्याहून जास्त मुलं लम्बी होती. लम्बी म्हणजे तिथले मूळ रहिवासी, अमेरिकन इंडियन. सिनेमात दाखवतात तसं पिसं-बिसं काही नाही. शेती करणारी, चर्चला जाणारी, ट्रक चालवणारी माणसं. इंग्रजीच बोलतात, पण त्यांचं इंग्रजी त्यांचंच. शब्द वेगळे, वाक्याची ठेवण वेगळी, चाल वेगळी. दुकानात पाठीमागून आवाज आला तरी लम्बी माणूस लम्बी माणसाला ओळखतो.

कायलाला वाढवत होती तिची आजी, मिस व्हर्डी ब्रेबॉय. तिकडे वडीलधाऱ्या बाईला नावाआधी 'मिस' लावूनच हाक मारतात, मग ती सत्तरीची असो. चाचणीचा निकाल सांगायला मी तिला शाळेत बोलावलं, तर तिने निकालाचं नावच काढलं नाही. मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तू कुनाची गं, पोरी?"

तिचं बोलणं मी असं लिहितेय, कारण माझ्या कानाला ते असंच ऐकू आलं. तिच्या इंग्रजीला पुस्तकी मराठी घातली तर ती मिस व्हर्डी राहणार नाही. आणि हा प्रश्न काही मला एकटीला नव्हता. लम्बींमध्ये नव्या माणसाला कामधंदा विचारत नाहीत, आधी 'तुझी माणसं कोण' ते विचारतात. उत्तर मिळालं की तो माणूस कुठल्या घराशी, कुठल्या ओढ्याकाठच्या वस्तीशी बांधलेला आहे ते कळतं आणि मगच पुढचं बोलणं होतं.

"मी भारतातून आलेय," मी म्हटलं.

"ते दिसतंय की. पन कुनाची?"

"वडील शिक्षक होते. आम्ही पुण्याचे."

यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. माझे वडील साक्रीच्या बाजारात बैलांच्या दलालीचा धंदा करायचे आणि पुण्यात मी जेमतेम पाच वर्षं काढली होती.

"आता माय आलीय माझ्याकडे, चार महिन्यांसाठी," मी विषय बदलायला म्हटलं.

मिस व्हर्डीचा चेहरा फुलला. "मग रविवारी तिला घिऊन जेवायला ये. कायलाचं काय ते मी तुजं तोंड बघून ठरवीन. कागद बघून न्हाई."

माय म्हणजे अहिराणी, दुसरं काही नाही. चौथीपर्यंत शाळा, त्यानंतर शेत, म्हशी आणि आम्ही तीन भावंडं. मीही सोळा वर्षांची होईपर्यंत अहिराणीच बोलले. मग पुण्याच्या हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मी कुणाला तरी "मी आठेच शे", म्हणजे मी इथेच आहे, असं म्हणाले आणि खोलीतल्या चौघी हसून हसून गादीवर लोळल्या. वर्षभर माझं नाव 'आठेच शे' होतं. मी न्हाणीघरात नळ सोडून उच्चार घोटले. इतके घोटले की पुढे त्याचाच अभ्यास केला, त्यातच पदवी घेतली आणि लोकांची तोंडं सुधारायला अमेरिकेला आले. माय माझ्याशी अहिराणीत बोलायची, मी तिला पुण्याच्या मराठीत उत्तर द्यायचे. तिने कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

रविवारी आम्ही मिस व्हर्डीच्या घरी गेलो. दारातच मायलाही तोच प्रश्न झाला आणि मी भाषांतर केलं. मायला त्यात नवल वाटलंच नाही. तिने पदर सारखा केला आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "मी बोरसेसनी अंडेर, भदाणेसनी सून शे." अंडेर म्हणजे मुलगी. मिस व्हर्डीनेही आपलं माहेर सांगितलं, सासर सांगितलं आणि कुठल्या दलदलीच्या कुठल्या काठाला आपल्या पणज्याने झाडं तोडून पहिलं घर बांधलं तेही सांगितलं. दोघींचं समाधान झालं. मी मध्ये उभी राहून इकडचं तिकडे करत होते आणि मी मात्र कुणाची हे अजून सांगून झालेलंच नव्हतं.

माय स्वयंपाकघरात गेली ती पाहुणी म्हणून बसलीच नाही. मिस व्हर्डी कॉलर्डची रुंद पानं चिरत होती, मायने दुसरी सुरी शोधून काढली. तव्यावर मक्याच्या पिठाची भाकर तळत होती. तिच्या दोन चतकोरांमध्ये ती पालेभाजी घालून लम्बी लोक हातात धरून खातात. मायने पहिला घास घेतला आणि ओरडली, "हाई ते आपलीच भाकर शे वं!"

"काय म्हनाली?" मिस व्हर्डीने विचारलं.

"आवडलं म्हणतेय," मी म्हटलं.

जेवण झाल्यावर कायला मायला घेऊन अंजिराच्या झाडाखाली गेली. मी खिडकीतून बघत होते. ती पोर आपल्या बोलीत बोलत होती, माय अहिराणीत. गलोल हातात घेऊन मायने नेम धरला आणि कुंपणावरचा डबा पहिल्या फटक्यात पाडला. कायला टाळ्या पिटत नाचली. दोन तास त्यांचं चाललं होतं. प्रश्न, उत्तरं, गोष्ट, पुन्हा प्रश्न. माझ्या खोलीत शेवटची दहा कार्डं नुसती बघत बसलेली हीच ती मुलगी, आणि तिच्या तोंडाला क्षणाची उसंत नव्हती. माझ्या विद्येत याला एकच अर्थ आहे. मुलीत काहीही बिघाड नाही. हे मला त्या खिडकीत उभ्या उभ्या, स्वच्छ कळलं.

मिस व्हर्डी गोड एलिकचा कप घेऊन शेजारी आली. "वॉशिंग्टनची मानसं येतात," ती म्हणाली, "आनि म्हनतात, तुमची जुनी भाषा कुठाय? ती न्हाई, तर तुम्ही खरे इंडियन कशावरनं? आता आमची जुनी भाषा कुनाला आठवत न्हाई, ते खरंय. ती गेली. मागनं आलेल्यांची भाषा घेतली आनि ती आमची आमी घडवली. तर शाळा म्हनते, हे जे बोलता तो आजार हाय." तिने कप माझ्या हातात दिला. "म्हंजे जी न्हाई तिच्यापायी आमी खोटे, आनि जी हाय तिच्यापायी आजारी."

मी कप तोंडाला लावला.

"तुजी माय एक बोलते आनि तू तिला दुसरंच बोलतेस," ती सहज म्हणाली. "मला कळत काईच न्हाई, पन ऐकू येतं."

"तसं काही नाही," मी म्हटलं. "भाषा एकच आहे."

बैठक गुरुवारी होती. कायलाला वेगळ्या वर्गात घालायचं तर आजीची सही लागत होती. मतिमंद म्हणायची सोय उरली नव्हती, म्हणून त्या वर्गाला गोड नाव होतं, पण त्यात गेलेलं मूल परत नेहमीच्या वर्गात आलेलं मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. माझ्या अहवालात नुसते गुण होते. अंजिराच्या झाडाखालचे दोन तास मी त्यात लिहिले नव्हते. लिहायला बसले होते, पण मग मुख्याध्यापिका मिसेस ट्रॅव्हिस विचारणार, तुम्हाला हे कसं कळलं? मग मायचं सांगावं लागलं असतं आणि मायच्या बोलीचंही सांगावं लागलं असतं. मिसेस ट्रॅव्हिस मला सगळ्यांसमोर म्हणायच्या, "मिस बीचं इंग्रजी आपल्या सगळ्यांपेक्षा शुद्ध आहे." हे वाक्य मला किती सुखवायचं हे आज सांगायलाही जीभ जड होते. मी ते वाक्य घरी जाऊन पुन्हा पुन्हा आठवायचे.

त्या दिवशी दुपारी मायला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, म्हणून ती शाळेत माझ्याबरोबर होती. बैठकीच्या खोलीत खिडकीशी एका खुर्चीवर मी तिला बसवलं. मिस व्हर्डी चर्चला घालायचा निळा झगा घालून आली होती. हातात अंजिराच्या मुरंब्याची बरणी होती. तिने मायकडे बघून बरणी उंचावून दाखवली, ही तुझ्यासाठी म्हणून. माय हसली.

मिसेस ट्रॅव्हिस चांगल्या अर्धा तास बोलल्या. कायलाचं भलं, कायलाचं भविष्य. मग त्यांनी माझ्याकडे हात केला. "मिस बीचीच गोष्ट बघा. परक्या देशातून आल्या, पण बोलणं किती निर्मळ. कायलालाही आपण तिथवर नेऊ शकतो."

मिस व्हर्डीने पुढ्यातले कागद हळूच बाजूला सारले. "मला हे वाचता येतं," ती म्हणाली, "पन मी कागद बघून सही करत न्हाई. आमच्यात जो आपल्या टेबलावर जेवला, त्याचा शब्द कागदाच्या वर. ही पोरगी माज्या टेबलावर जेवलीय." मग ती सरळ माझ्याशी बोलू लागली. "तुजी माय माज्या कायलासंगं दोन तास बोलली. तू बघत हुतीस. आता तू मला एकच सांग. तुजी माय बोलते ते बिघडलेलं हाय का? तिचं बिघडलेलं नसंल, तर माज्या पोरीचंबी न्हाई. आनि बिघडलेलं असंल, तर मी आत्ता सही करते. तू म्हनशील ते."

एका शब्दाचं काम होतं. 'नाही' म्हटलं की पोर वाचत होती.

"अरेच्चा," मिसेस ट्रॅव्हिस कुतूहलाने पुढे झुकल्या, "तुमच्या आई वेगळी भाषा बोलतात?"

माझ्या कानात हॉस्टेलची ती खोली हसली. मी चौतीस वर्षांची पदवीधर बाई, पण सोळा वर्षांच्या पोरीसारखे माझे कान तापले.

"नाही, वेगळी नाही," मी म्हटलं, अगदी शुद्ध इंग्रजीत. "आई शिकलेली नाही, त्यामुळे तिचं बोलणं अशुद्ध आहे. लहानपणी कुणी सुधारलं नाही, एवढंच." आणि हे म्हणताना मी मायकडे हात केला, फळ्यावरची चूक दाखवतात तसा.

मायला वाटलं, मी तिची ओळख करून देतेय. ती लगबगीने खुर्चीवरून उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला.

 मिस व्हर्डी मायच्या त्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिली. मग तिने पेन उचललं. "मग मलाच काई कळत नव्हतं म्हनायचं," ती म्हणाली आणि प्रत्येक पानावर, जिथे जिथे खूण होती तिथे, सावकाश सही केली. जाताना तिने मुरंब्याची बरणी मायच्या हातात दिली आणि तिचा हात काही वेळ सोडला नाही. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

गाडीत माय बरणी मांडीवर धरून बसली होती. गाव मागे पडल्यावर तिने विचारलं, "काय सांगं तू तिले?"

"तुझी ओळख करून दिली."

"मंग तिना डोयासमा पानी काब्रं वनं?"

मिस व्हर्डीच्या डोळ्यांत पाणी आल्याचं मी पाहिलंच नव्हतं.  मग ती रागाने नाही, कौतुकानेही नाही, पाऊसपाण्याचं बोलावं तशी म्हणाली, "इंग्रजी मले समजत नही. पन तू हात कसा करस ते समजस."

हॉस्टेलवर एकदा ती मला भेटायला आली होती, डोक्यावर बाजरीच्या भाकरींचं गाठोडं घेऊन. तेव्हाही मी मैत्रिणींसमोर असाच हात केला होता. गावाकडच्या ओळखीतल्या बाई आहेत म्हणाले होते. मला वाटत होतं, तिला ते कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर माय ओट्याशी उभी होती. "हेमलता, तुझा चहा झाला आहे," ती म्हणाली. चौथीच्या वाचनपाठातल्यासारखं एकेक अक्षर वेगळं काढून. मला आधी थट्टा वाटली. मी हसलेसुद्धा. संध्याकाळी तिने विचारलं, "आज तू उशिरा का आलीस?" तेव्हा मात्र ही थट्टा नाही हे मला कळलं. ती शब्द शोधत होती, चुकत होती, थांबून दुरुस्त करत होती. आणि खरं सांगायचं तर पहिल्या दोन दिवसांत मला कुठेतरी बरंही वाटलं होतं. या वाक्याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

कायला वेगळ्या वर्गात गेली. ती खोली माझ्या खोलीच्या शेजारीच होती. कॉरिडॉरमध्ये दिसली की मी विचारायचे, अंजिरं कशी आहेत, आजी कशी आहे. "यस मॅम," ती म्हणायची. "नो मॅम." सगळं अचूक. गलोलीबद्दल मी एकदा मुद्दाम विचारलं, तर ती म्हणाली, "स्लिंगशॉट, मॅम." वर्ष संपल्यावर मी ती शाळा सोडली. सोडण्याआधी मिसेस ट्रॅव्हिसना खरं काय ते लिहून द्यावं, असं रोज ठरवत होते. लिहिलं नाही. मिस व्हर्डीच्या घरावरून दोनदा गाडी नेली, पण थांबवली नाही. आत जाऊन पहिलाच प्रश्न काय येणार हे मला ठाऊक होतं.

माय त्यानंतर तेरा वर्षं जगली. दर रविवारी माझा फोन जायचा. "मी बरी आहे. तू जेवलीस का? तिकडे थंडी आहे का?" तेरा वर्षं हीच मराठी. मी कितीदा म्हटलं, माय, आपलं बोल ना. ती म्हणायची, "मला आता याचीच सवय झाली आहे." भाऊ सांगायचा, घरात तर दिवसभर अहिराणीच चालते, शेजारपाजारच्या बायका तिच्या गोष्टी ऐकायला येऊन बसतात.

ती धुळ्याच्या एका दवाखान्यात होती तेव्हा मी आले. विमानतळावरून थेट, सकाळी दहाच्या सुमारास. खोलीचं दार उघडं होतं. एक तरुण आयाबाई तिचे केस विंचरत होती आणि माय तिला कसल्याशा म्हशीची गोष्ट सांगत होती. मोठ्या आवाजात, हातवारे करत, मध्येच हसत. तो आवाज मी तेरा वर्षांत ऐकला नव्हता. मी दारातच उभी राहिले. आत गेले की तो थांबेल, हे मला माहीत होतं.

आयाबाईने वळून पाहिलं. माझे कपडे, माझी चाकांची बॅग बघून ती जरा बिचकली. "ह्या कोन शेतस वं आजी?" तिने मायला विचारलं.

मी वाटभर एक वाक्य घोकत आले होते. मनातल्या मनात, विमानात, टॅक्सीत. माय, मी तुनी अंडेर शे. माय, मी तुनी अंडेर शे. मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते, पण ते माझेच आहेत असं मला वाटेना, आणि मी पुन्हा ते न्हाणीघरातल्यासारखे नीट लावू लागले. तेवढ्यात मायनेच उत्तर दिलं.

"मनी अंडेर शे ती," माय म्हणाली. तिने आयाबाईच्या हातावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून, अगदी मायेनं समजावलं, "पन तिनासंगे शुद्ध बोल, माय. तिले आपलं समजत नही."

मग माझ्याकडे वळून तिने, श्वास घेत, एकेक अक्षर वेगळं काढत विचारलं, "प्रवास बरा झाला ना?"

"हो," मी म्हटलं.